वायरलेसवाला

शेखर गायधनींकडे पाहुणा आला की उज्वला आधी चहा देते आणि हळू आवाजात सांगते, "संपवून घ्या गरम गरम. आता हे तुम्हाला आतल्या खोलीत नेतील. एकदा गेलात की तासभर सुटका नाही."

आतली खोली म्हणजे नाशिकरोडच्या त्यांच्या फ्लॅटमधली मागची बेडरूम. लेक वैष्णवी लग्न होऊन पुण्याला गेली आणि पंधरा दिवसांत त्या खोलीत पलटण उतरली. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर खोकी आणि खोक्यांत सैनिक. जत्रेत पिशवीभर मिळायचे तसे सुटे हिरवे शिपाई त्यात एकही नाही. हे अख्खे संच आहेत. कापडी तंबू, पत्र्याची जीप, स्प्रिंगवर काडी उडवणारी तोफ, वाळूची पोती, काटेरी तार, आणि खांद्यातून हात हलणारे, डोक्यावरचं हेल्मेट काढता-घालता येणारे चार बोटं उंचीचे जवान. सगळे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे. काही परदेशातून आलेले, काही इथलेच, आणि ते बनवणारे कारखाने कधीच बंद पडलेले.

शेखर ओझरच्या विमान कारखान्यात फिटर. तिथे केसाच्या जाडीएवढी चूक झाली तरी माल परत येतो. तीच सवय घरी. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की हातपाय धुऊन देवापुढे हात जोडायचे आणि या खोलीत येऊन बसायचं. कुठल्या जीपला चाक नाही, कुठल्या तंबूला खुंटी नाही, ते करत राहायचं. सिन्नरचं एक जुनं स्टेशनरीचं दुकान बंद होतंय असं कळलं तेव्हा अर्धी सुट्टी टाकून गेला आणि माळ्यावरून तीन संच घेऊन आला, दोरासुद्धा न सुटलेले. लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याकडे त्याच्या वडिलांनी परदेशातून आणलेला संच पडून होता. त्यासाठी चार खेपा घातल्या. व्यापारी लिलाव सोडून मान वर करेना. चौथ्या खेपेला म्हणाला, "गायधनी, माझ्या कांद्याला असं गिऱ्हाईक चिकटलं असतं ना, तर मी आज इथं धूळ खात उभा नसतो. न्या ते खोकं!" त्या तंबूला अजून कांद्याचा वास येतो. उज्वला म्हणते, तेवढा एकच संच आपल्या घरच्यासारखा वाटतो.

असे तेवीस संच. बावीस पूर्ण. तेविसावा सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या धोतराच्या फडक्यात. तो शेखर कुणाला दाखवत नाही. कुणी विचारलंच तर म्हणतो, "तो अपुरा आहे," आणि विषय बदलतो.

खरं तर सगळं सुरू झालं ते त्याच्यापासून.

तो संच त्याला मामानं दिला होता. बहिरूमामा, म्हणजे शेखरच्या आईचा, अक्काबाईचा, पाठचा भाऊ. फौजेत होता, देवळाली कॅम्पला. त्याच्या एका साहेबाची बदली झाली. सामान आवरताना साहेबाच्या बाईनं मुलांचं एक खोकं मामाला देऊन टाकलं. मामा ते सायकलच्या कॅरिअरला बांधून पळशाला बहिणीकडे घेऊन आला. शेखर तेव्हा आठ वर्षांचा, मराठी शाळेत तिसरीला. खोक्यावरचं इंग्रजी घरात कुणालाच वाचता येईना. पण झाकण उघडल्यावर वाचायची गरज उरली नाही. आत बारा जवान, ज्याच्या त्याच्या आकाराच्या खाचेत झोपलेले.

मामानं त्यातला एक उचलला. त्याच्या पाठीवर चौकोनी पेटी, पेटीतून वर निघालेली तार, आणि उजवा हात कानाशी नेलेला, हातात बोलायचं यंत्र.

"हा मी," मामा म्हणाला. "माझं काम हेच. वायरलेस. बाकीचे कोण कोण, ते तू ठरव."

त्या दिवसापासून बाकीचे अकरा खोक्यात झोपायचे आणि वायरलेसवाला शेखरच्या खिशात.

पुढच्याच हिवाळ्यात मामाची तुकडी वर, बर्फाच्या मुलखात गेली. माघात बातमी आली. कडा कोसळला. चौघं सापडले, मामा सापडला नाही. मामी, सिंधुबाई, तेव्हा एकोणीस वर्षांची. लग्नाला दोन वर्षं झालेली, पदरी मूल नाही.

नाशकात ज्या घरातला माणूस असा अवेळी जातो, त्या घरच्या देव्हाऱ्यात त्याचा चांदीचा टाक बसवतात. त्याला वीर म्हणतात. वर्षभर देवांबरोबर त्याची पूजा होते. धुळवडीच्या दिवशी खोबऱ्याच्या वाटीत ठेवून, लाल फडक्यात धरून, त्याला वाजतगाजत गंगेवर आंघोळीला नेतात. गंगा म्हणजे गोदावरी. जुन्या नाशकात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. घरातल्या पुरुषानं किंवा मुलानं वीर हातात घ्यायचा, हलगीवर नाचवायचा, रामकुंडात बुडवायचा आणि घरी आणून पुन्हा देवात बसवायचा.

होळी दहा दिवसांवर आली होती. मामाची आई, सावित्रीबाई, एकच धरून बसली. "पोरगं बर्फात पडलंय माझं. निदान धुळवडीला तरी त्याला गंगेचं पाणी लागू दे." सोनारानं सांगितलं, होळीआधी टाक होणार नाही, अख्ख्या गावाचे वीर उजळायला आलेत. म्हातारी भिंतीला डोकं लावून रडायला लागली. कोपऱ्यात आईच्या पदराशी बसलेला शेखर उठला. त्यानं खिशात हात घातला.

"आजी, हा मामा आहे. मामानंच सांगितलंय मला."

म्हातारीनं तो शिपाई डोळ्यांजवळ नेला. टोपी बघितली, बूट बघितले, पाठीवरचं ओझं बघितलं. पदरानं पुसला आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी उभा केला.

"होळीपुरता राहू दे रे बाळा. टाक झाला की तुझा तुला."

त्या धुळवडीला वीर शेखरनंच नाचवला. घरात दुसरा पुरुष नव्हता, भाचा म्हणून मान त्याचा. आणि त्याच वर्षीच्या आषाढात सावित्रीबाईच गेली. टाकाचं मागं पडलं ते पडलंच. मामीला माहेरचे न्यायला आले, ती गेली नाही. भद्रकालीच्या मागच्या बोळातल्या सासरच्या दोन खोल्यांतच राहिली. बालवाडीत मदतनीस म्हणून लागली. रोज सकाळी देवांना आंघोळ घालताना वायरलेसवाल्यालाही घालायची, गंध लावायची, नैवेद्याला त्याच्यासाठी गुळाचा खडा वेगळा ठेवायची. मामाला गूळ आवडायचा.

आणि शेखर दर धुळवडीला येत राहिला. वर्षातून एक दिवस, तीन-चार तास, आपला शिपाई आपल्या हातात. बाकी लोक गुलालात आणि हलगीत बेभान झालेले असत. हा लाल फडक्याखाली अंगठ्यानं चाचपत असे. हिरवा रंग कधीच गेला होता. कपड्यांच्या घड्यांत हळदकुंकू भरून दगड झालेलं. मामीची बोटं फिरून फिरून नाक झिजलेलं. बुटांच्या तळव्याखालचा बारीक खळगा मात्र जसाच्या तसा होता. त्याच्यासाठीची खाच घरी खोक्यात मोकळी होती.

मागणार तरी कसा? पहिली काही वर्षं आईचा धाक होता. मग मामीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहून जीभ उचलेना. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, संच जमत गेले. उज्वला एकदा चिडून म्हणाली होती, "एवढी फौज गोळा केलीत, लढाई कुणाशी आहे तुमची?" होळीपुरता दिलेल्या त्या शिपायाला बेचाळीस होळ्या झाल्या.

वैष्णवीनं मध्यंतरी नेटवर शोधून हुबेहूब तसाच दुसरा वायरलेसवाला मिळवून दिला. परदेशातून आला, कापसात गुंडाळून. खाचेत टक्कन बसला. शेखर दोन दिवस त्याच्याकडे बघत राहिला आणि तिसऱ्या दिवशी काढून सुट्या भागांच्या डब्यात टाकला.

"आता काय झालं?" उज्वलानं विचारलं.

"ओळखीचा नाही गं तो."

उज्वला थट्टेत पटाईत, पण तिनं नुसतं त्या डब्याचं झाकण लावलं.

यंदा संक्रांत झाल्यावर शेखरच्या डोक्यात आलं, आजी म्हणाली होती टाक झाला की तुझा तुला. मग टाकच करावा. सराफ बाजारात जाऊन त्यानं चांदीचा टाक घडवायला दिला. घोड्यावर बसलेला वीर, हातात ढाल-तलवार. घरी आणून उज्वलासमोर ठेवला.

"मामीला बरं वाटेल," तो म्हणाला. "एवढी वर्षं प्लॅस्टिकची पूजा करतेय बिचारी."

उज्वला मटार सोलत होती. "मामींना बरं वाटेल की तुमच्या खालच्या फळीला?"

"दोघांनाही वाटेल. त्यात वाईट काय?"

"बघा बाई. देव्हाऱ्यातलं आहे ते. भंगार बाजारातलं नाही."

होळीच्या आधीच्या रविवारी तो टाक घेऊन मामीकडे गेला. मामी आता एकसष्टची. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला, पण आवाज खणखणीत.

"ये भाच्या. धुळवडीआधीच कसा उगवलास?"

शेखरनं टाक तिच्या हातात दिला. मामीनं तो उजेडाला धरला, उजव्या डोळ्याजवळ नेला, उलटा केला, सुलटा केला.

"घोडा आहे होय हा?"

"हो. ढाल, तलवार, सगळं आहे."

"तुझा मामा सायकलवरून पडायचा रे. घोड्यावर कुठला बसतोय."

"सगळे वीर असेच असतात मामी."

"असतील बाबा." ती हसली, पण टाक कपाळाला लावून देवापाशी ठेवला. मग वायरलेसवाल्याला उचलून मांडीवर घेतला. "चला. म्हणजे यांच्या कानाचं दुखणं सुटलं म्हणायचं."

"कानाचं?"

"हे काय, कानावर हात धरलाय की. तोफांनी कान दुखायचा ना त्यांचा, देवळालीला असल्यापासून. रात्र रात्र असा हात दाबून बसायचे. दर पावसाळ्यात मी लसणीचं तेल कोमट करून सोडते दोन थेंब. सोनाराकडून आणलेल्या देवाला कशाला कुणी तेल सोडेल, पण याला सोडावंसं वाटतं."

सांगावं की नाही, शेखरला कळेना. मग तोंडातून निघूनच गेलं.

"मामी, त्याचा कान दुखत नाही. तो बोलतोय. हातात आहे ते बोलायचं यंत्र आहे. वायरलेस."

"कुणाशी बोलतोय?"

"मागं जे थांबलेत त्यांच्याशी. आम्ही अमुक ठिकाणी पोचलो, बरे आहोत, असं कळवायचं असतं. मामाचं कामच ते होतं."

बोळात कुणीतरी गॅसच्या टाक्या आपटत होतं. तिनं वायरलेसवाल्याच्या पाठीवरची पेटी बोटानं चाचपली, जणू आज पहिल्यांदाच हाताला लागली.

"आणि मी रोज माझंच सांगत बसायचे," ती म्हणाली. "त्यांना बोलूच दिलं नाही." मग पदर खोचून उठली. "बरं. मग ठरलं. धुळवडीला नव्याला आंघोळ घालून देवात बसवू, आणि याला गंगेत सोडू."

शेखरनं वायरलेसवाल्याकडे हात नेला आणि मागं घेतला.

"सोडायचा कशाला?"

"मग काय करायचं? एका माणसाचे दोन वीर असतात का घरात? नवा बसला की जुना पाण्यात जातो. हे मी सांगायला पाहिजे होय तुला?"

खरंच, हे त्याला माहीत असायला हवं होतं. जुने देव बदलले की गंगेला जातात, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. बेचाळीस वर्षं तो शिपाई देव्हाऱ्यात उभा असताना शेखरच्या डोक्यात मात्र तो आठ वर्षांच्या पोराच्या खिशातलाच राहिला होता.

"मी नेला असता," तो चाचरत म्हणाला. "आठवण म्हणून."

"पुजलेलं कुणी खोक्यात ठेवतं का, शेखर?"

"मग टाकच परत नेतो मी. घाई काय आहे?"

"दाराशी आलेला वीर परत धाडायचा? सणाच्या तोंडावर?" मामीनं त्याच्याकडे पाहिलं. "काय झालंय तुला? एवढा चांगला टाक आणलास आणि तोंड असं का केलंस?"

तो घरी आला. उज्वलाला सगळं सांगितलं. तिनं एका शब्दानंही टोचलं नाही. फक्त जेवताना म्हणाली, "मामींना खरं सांगून टाका." पण खरं काय, तेच त्याला नीट मांडता येईना. मोठा बाप्या, लेकीचं लग्न करून मोकळा झालेला, आणि एका खेळण्यासाठी जीव तुटतोय, हे मामीला कसं सांगणार?

धुळवडीला दुपारी चार वाजता शेखर आणि मामी निघाले. शेखरच्या हातात लाल फडकं, फडक्यात खोबऱ्याची वाटी, वाटीत वायरलेसवाला. मामीच्या ताटलीत नवा टाक, हळदकुंकू, फुलं. गल्लीगल्लीतून वीर बाहेर पडले होते. कुणी पोर राम झालेलं, कुणी खंडोबा, मिशा काजळाच्या आणि घामानं गालावर उतरलेल्या. हलग्या, शिट्ट्या, भंडारा. मेनरोडला ओळखीचा एकजण ओरडला, "काय गायधनी, यंदा पाय धरले का? नाचा की!" शेखरला पाय उचलवत नव्हते.

रामकुंडावर पायऱ्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. तो गुडघाभर पाण्यात उतरला. मामी तीन पायऱ्या वर थांबली, ताटली छातीशी धरून.

"तीनदा बुडव," ती वरून म्हणाली. "तिसऱ्यांदा हात मोकळा कर."

त्यानं एकदा बुडवला. हळदीचा पिवळा ढग पाण्यात पसरला. दुसऱ्यांदा बुडवला. घड्यांतलं कुंकू सुटलं आणि खालून, इतक्या वर्षांनी, जरासा हिरवा रंग दिसला. तिसऱ्यांदा हात पाण्याखाली गेला, आणि शेखरला काही ठरवायला वेळ मिळण्याआधीच मूठ पँटच्या खिशात शिरली आणि रिकामी बाहेर आली. तो सरळ उभा राहिला तेव्हा हात उघडा होता.

"गेला?" मामीनं विचारलं.

हो म्हणायचं होतं फक्त. आजूबाजूला शेदीडशे माणसं, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. रात्री घरी जाऊन खालच्या फळीवरचं खोकं उघडायचं. मांडीला ओला, टोकेरी वायरलेसवाला लागत होता, अगदी पळशाच्या शाळेत बाकावर बसल्यावर लागायचा तसा. एवढ्या वर्षांत शेखरला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं, आणि इतकं वाईटही.

मामी पाण्याकडे बघत होती. शिपाई कुठल्या बाजूला वाहत गेला ते शोधत होती. ओठ हलत होते. ती त्याला निरोप देत होती आणि तो तिथे नव्हता.

"नाही गेला मामी," शेखर म्हणाला. त्यानं खिशातून काढून तळहातावर धरला. "मला सोडवत नाही. आणि टाकही मी तुझ्यासाठी नाही केला. हा मला परत पाहिजे होता म्हणून केला."

मामी ओल्या पायरीवरच खाली बसली. ताटली मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं म्हणाली, "माझ्याही हाताला सकाळपासून कापरं भरलंय. म्हटलं, तू सोडशील. पुरुषाचं काळीज."

"मग आता?"

"आता काय, चल घरी. नेहमीसारखं." तिनं नवा टाक उचलून पदराच्या टोकाला बांधला. "याला अजून पाणी लागलं नाही. अजून नुसती चांदी आहे ही. माझ्या पेटीत राहील. मी गेले की हा बसव, तुझ्या घरी, तुझ्या देवात. आणि त्याला तू सोड. तुझ्याच हातानं. तेव्हा खिशात घालायचा नाही."

"तुला दिसलं?"

"मोतीबिंदू झालाय मला. आंधळी नाही झाले."

शेखरला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्यानं मान हलवली. म्हणजे तो आपला कधीच होणार नव्हता. शेवटचा हातात येईल तो सोडण्यासाठीच. वचन देऊन झालं होतं.

"अरे, पुसून घे त्याला. गारठला असेल," मामी म्हणाली, "आणि मला हात दे."

त्यानं वायरलेसवाला फडक्यात कोरडा केला, वाटीत उभा केला, मामीला हाताला धरून वर आणलं. घाटाच्या वर एका घोळक्यात हलगी जोरात चालली होती. शेखर त्यात शिरला. गुडघे कुरकुरत होते, पँट पायाला चिकटली होती, तरी हात उंच करून तो नाचला. मामी कडेला उभी राहून ताटली वाजवत होती. एक घोळका संपला की तो पुढच्यात शिरायचा. भद्रकालीच्या वळणावर आल्यावर म्हणाला, "मामी, तेवढं देवीचं दर्शन घेऊन जाऊ." दर्शन झाल्यावर म्हणाला, उसाचा रस पिऊ. मामीनं सगळ्याला हो म्हटलं.

रामकुंडापासून मामीचं घर पंधरा मिनिटांचं. त्या दिवशी शेखरनं दोन तास लावले.